मिठाचा सिनेमा

चुलतभावाच्या नातीचा साखरपुडा होता, म्हणून कर्जतला गेले. हॉलचं नाव काहीतरी गोंडस होतं, पत्ता भिसेगावचा. रिक्षातून उतरले, मान वर केली, तर समोर ती चिंच. रस्त्याकडे झुकलेली, कुणी कधी पार बांधला नाही की पूजली नाही अशी साधी चिंच. तिच्यामागे आता काचेची दारं होती आणि दारात एक मुलगी येणाऱ्यांवर गुलाबपाणी शिंपडत होती. मी तिथंच उभी राहिले. भाचा म्हणाला, "आत्या, चल ना आत, ऊन आहे."

त्याला काय सांगणार? या जागी भातगिरणीचं गोदाम होतं आणि त्या गोदामात आम्ही सिनेमे बघायचो. साधेसुधे नव्हेत, कलात्मक. गुलाबपाण्याच्या वासाखाली मी कोंड्याचा वास शोधत होते. इतक्या वर्षांनी कोंडा कुठला राहायला. माझंच डोकं फिरलेलं, दुसरं काय.

तो वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. गोडसर, कोरडा, घशात खवखवणारा. माझे वडील, आबा, त्या गिरणीवर कामाला होते. त्यांच्या भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर, शर्टाच्या शिवणीत कोंडा असायचा. ते घरी आले की आधी वास यायचा, मग ते. आई असताना ती त्यांना दारातच थोपवायची आणि पाठीवर फडकं मारायची. दोन-चार फटके जरा जास्तच जोरात. "अर्धी गिरण घरी आणली का काय?" असं म्हणायची. आबा हसायचे नाहीत, पण पाठ आणखी थोडी पुढं करायचे.

आई गेली तेव्हा मी मॅट्रिकला होते. कशानं गेली, किती दिवस आजारी होती, ते मला लिहायचं नाही. एवढंच सांगते की त्यानंतर आबा दाराबाहेर स्वतःच शर्ट काढायचे, झटकायचे, पुन्हा अंगात घालायचे आणि मग आत यायचे. ओटीवर एक बाकडं होतं, दोघांपुरतं. संध्याकाळी त्यावर दोघं बसत, आई वाल सोलत असे आणि आबा विडी ओढत. ती गेल्यावर आबा त्या बाकड्याच्या मधोमध बसायला लागले. घरात तिचं नाव निघायचं नाही. मी काढलं तर आबा उठून परसात जायचे आणि उगाच कुंपणाच्या काठ्या सारख्या करत बसायचे. पुढं मीही नाव काढायचं सोडलं. दोन माणसांच्या घरात एवढी शांतता असू नये. आमच्याकडं होती.

म्हणूनही असेल, मी मंडळात जायला लागले. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी खालापूरच्या शाळेत नुकती मास्तरीण लागले होते आणि त्याच एसटीनं सुधाकर तिथल्या कचेरीत जायचा. सुधाकर कारकून, पण दाढी राखलेली, खांद्याला शबनम, बोलायला लागला की स्टँड येईपर्यंत थांबायचा नाही. मुंबईत जाऊन तो सिनेमांच्या पेट्या आणायचा. आमचे गिरणीमालक भले माणूस, त्यांनी रिकामं गोदाम रविवारपुरतं दिलं होतं. साजगावच्या कारखान्यातली तीन-चार पोरं सायकली मारत यायची, कर्जतचे दोन मास्तर यायचे, आणखी काही हौशी मंडळी. आपापल्या नोकरीत आम्हाला कुणी विचारत नव्हतं. पण गोदामात बसलो की जगाला शहाणपण शिकवायला तयार.

दिवाळीपासून गोदामात भाताच्या राशी असायच्या, तेव्हा काही नाही. राशी हलल्या, जमीन झाडून झाली की आमचा हंगाम. भर दुपारी अंधार करायचा. खिडक्यांवर गोणपाट ठोकायचं, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडायचे, ती भोकं चिंध्या कोंबून बुजवायची. पडदा म्हणजे एक चादर, तिला पेजेची खळ मी स्वतः द्यायची. मग नामदेव मशीन लावायचा. नामदेव एरवी जत्रांतून देवादिकांचे सिनेमे दाखवायचा, आमचे सिनेमे दाखवताना त्याचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा असायचा. मशीनचा उजेड सुटला की त्या पट्ट्यात कोंड्याची धूळ नाचायची. मला पुष्कळदा सिनेमापेक्षा तीच बघत राहावंसं वाटायचं. मशीनची खरखर, तापलेल्या पत्र्याची तडतड, वाशांवरच्या चिमण्या, आणि कुणीतरी दाबून धरलेला खोकला. आजही डोळे मिटले की ते सगळं ऐकू येतं आणि बरं वाटत नाही.

मंडळाची एक रीत होती, ती दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. दोन सिनेमे बघायचे, त्यांवर भांडायचं आणि मग मत द्यायचं. मत वालाच्या दाण्यानं. आमच्याकडं भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात, त्यामुळं होळीच्या सुमाराला घरोघर वालच वाल. गिरणीतल्या भात मापायच्या दोन पायल्या भिंतीशी ठेवायच्या, एकेका सिनेमाची एकेक, आणि पाठमोरं होऊन दाणा टाकायचा. रिकाम्या पायलीत पहिला दाणा पडला की टण्ण वाजायचा, मग आवाज मऊ होत जायचा. ज्याच्या पायलीत दाणे जास्त, तो सिनेमा पुढच्या महिन्यात पुन्हा आणायचा. आणि मताचा अधिकार कुणाला, तर जो शेवटपर्यंत बसला त्याला. शिक्षण, वर्गणी काही विचारायचं नाही. सुधाकरला या नियमाचा फार अभिमान.

त्यामुळं आबांनाही मत मिळायचं. गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडं, कुलूप लावेपर्यंत त्यांना थांबणं भाग. ते मागं दाराशी रिकाम्या पोत्यांच्या एका थप्पीवर बसायचे. पडद्याकडं तोंड असायचं एवढंच. सुधाकर त्यांच्या हातावर मानानं वाल ठेवायचा, आबा तो खिशात टाकायचे आणि कुलूप शोधायला लागायचे. सोमवारी मी कपडे भिजत घालायची. कधी सदरा दोन दिवस तसाच बादलीत राहिला तर खिशात वालाला मोड आलेला सापडायचा. मी तो परसात खोचून द्यायची. आबांची न दिलेली मतं आमच्या कुंपणावर चढली होती.

त्या वर्षी चैत्रात एकाच रविवारी दोन्ही सिनेमे ठेवले. सकाळी एक आणि जेवून दुसरा. नावं परभाषेतली, आमच्या जिभेवर बसेनात. आम्ही आमची ठेवली. एक जिन्याचा, एक मिठाचा.

जिन्याच्या सिनेमात एक कारकून होता आणि त्याच्या इमारतीचा जिना. तो चढतो, उतरतो, मध्येच थांबून ऐकतो. वर कुणीतरी बाई खुर्ची सरकवते, तेवढा आवाज. ती बाई शेवटपर्यंत दिसत नाही. सुधाकर तर जागेवर उसळत होता. मलाही तो आवडला होता, खोटं कशाला बोलू. त्यातला एकटेपणा शहाण्या माणसांचा होता, आणि मला तेव्हा शहाणं दिसायची फार घाई होती.

दुपारी मिठाचा. मिठागरात काम करणारं एक जोडपं. दोघं मीठ ओढतात, ढीग करतात. त्याला रातांधळेपणा आहे, तिन्हीसांजेला ती त्याचा हात धरून घरी नेते. मग ती आजारी पडते. एका सकाळी तिच्या अंगावर पांढरं कापड ओढतात. तो एकटा मिठागरात उभा राहतो, पडदा काळा होतो आणि कुठल्याशा लिपीत मोठी अक्षरं येतात. नामदेवनं रीळ बदललं. मशीन पुन्हा सुरू झालं, आणि बांधावरून ती बाई चालत आली.

डोक्यावर घडा, पदर कमरेला खोचलेला. नवरा अरुंद बांधावर बसून भाकरी खात होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, काही बोलला नाही. नुसता थोडा बाजूला सरकला. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या भाकरीतला तुकडा मोडून घेतला. पुढं ती हसली, भांडली, मिठानं फुटलेल्या टाचांना तिनं तेल लावलं. आणि असंच कधीतरी, चालता चालता, रीळ संपलं.

मी मागं वळून बघितलं. आबा थप्पीच्या कडेला सरकून बसले होते. शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती.

नंतर जी चर्चा झाली ती काय सांगू. एक मास्तर म्हणाले, मृत्यू हा फक्त दिशाबदल आहे असं दिग्दर्शक सुचवतो. कारखान्यातला एक जण म्हणाला, ती मीठ आहे, विरघळते आणि ऊन पडलं की परत दिसते. हे मला आजही आवडतं. सुधाकर म्हणाला, "शेवट उघडा ठेवलाय बघा. याला धैर्य लागतं." जिन्यावाले आणि मीठवाले जुंपले. गोणपाट काढलं तरी भांडण चालूच. मग पायल्या ठेवल्या. मी वाल जिन्याच्या पायलीत टाकला. सगळ्यांचं झाल्यावर आबा उठले, भिंतीपाशी गेले आणि वाकून त्यांनी दाणा टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. मीठ जिंकलं.

घरी जाताना आबा बोलायला लागले. मी घाबरलेच.

"ती परत आली ना गं?"

"कोण आबा?"

"ती मिठवाली. गेली व्हती. कापड ओढलं व्हतं तिच्यावर. मग आली. कुठं गेलतीस, कवा आलीस, त्यानं काय सुदीक इचारलं नाय. सरकला नुसता." थोडं चालून म्हणाले, "तुजी आय पन अशीच माज्या ताटातला तुकडा मोडायची. स्वताच्या ताटात असला तरी."

मला ते आठवत नव्हतं. मी म्हटलं, "मला म्हाईत नाय आबा." तर ते घर येईपर्यंत सांगत राहिले. ती भात लावताना पुटपुटायची ते. तिला पोपटीच्या मडक्यात भाजलेला कोवळा वाल आवडायचा, शेंगेसकट खायची ते. त्या वाटेवर मी रडले, पण पुढं बघत चालत होते, त्यांना दिसलं नसावं. त्या संध्याकाळी आबा ओटीवर बाकड्याच्या एका कडेला बसले.

पुढच्या आठवड्यात सुधाकर एसटीत माझ्याशेजारी येऊन बसला आणि स्टँड येईपर्यंत गप्प. मी विचारलं, "काय रे, कुणी गेलं काय?" तेव्हा त्यानं सांगितलं. पेटी परत करायला तो मुंबईला गेला होता. तिथं हा सिनेमा पाहिलेला एक माणूस भेटला. तो म्हणाला, शेवटी तो एकटाच उरतो ते किती भयंकर आहे. सुधाकर म्हणाला, एकटा कुठं, ती परत येते ना. माणूस आधी गोंधळला आणि मग इतका हसला, इतका हसला की सुधाकरला तिथं बसवेना. सकाळी मशीन तपासताना नामदेवच्या हातून रिळांच्या डब्यांची आकडे घातलेली झाकणं बदलली होती. दुसरं रीळ आम्ही शेवटी पाहिलं होतं. आणि ती मोठी अक्षरं म्हणजे 'समाप्त'.

जत्रेतल्या माणसांनी पत्र्यावर दगड मारले असते, "अरे मेली ना ती?" म्हणून. आम्हालाही तो प्रश्न पडला होता. पण कलात्मक सिनेमात असलं विचारायचं कुणी?

मंडळाची बैठक बसली. मत रद्द. पुढच्या महिन्यात सिनेमा येईलच, तो नीट क्रमानं बघायचा आणि नव्यानं मत द्यायचं. मी उभी राहिले. म्हटलं, "मागच्यासारखाच दाखवा."

सुधाकर म्हणाला, "अगं, तो सिनेमाच नव्हता. ती आपली चूक होती."

"चुकीला मतं दिलीत की सगळ्यांनी. धैर्य म्हणालास तू."

"लाज काढतेस होय? बाई, दिग्दर्शकाशी इमान नको का ठेवायला?"

आबांचं नाव घ्यायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण एवढ्या लोकांत आईचा विषय काढला असता तर आबा पुन्हा कुंपणापाशी गेले असते. मी म्हटलं, "हात वर करून ठरवा." हात वर झाले. माझ्या बाजूनं माझाच.

घरी आल्यावर मी आबांना सगळं समजावलं. झाकणं बदलली, रीळ चुकलं, ती खरी येत नाही. ते विडी ओढत ऐकत होते.

"आसंल," म्हणाले. "पन आली ती. मी बगितली ना."

तो महिना आमच्या घरातला चांगला महिना होता. मला असं म्हणायचा हक्क आहे की नाही कोण जाणे. आबा रोज आईबद्दल काहीतरी सांगायचे. तिनं मातीत बुजवून ठेवलेलं आल्याचं वाण, माहेरी जाताना तिनं एसटी थांबवून आणलेलं विसरलेलं लुगडं, तिच्या हाताचं बिरडं. मी वाल भिजत घालायची, मोड आले की सोलायला ओटीवर बसायची. पण आबांच्या शेजारी नाही. उंबऱ्यावर बसायची. शेजारची जागा कुणासाठी आहे हे मला कळत होतं आणि त्याची मला भीती वाटत होती.

रविवार आला. आबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. गोदाम उघडून दिलं आणि दाराशी न बसता पुढं येऊन पडद्याजवळच्या पोत्यावर बसले. सिनेमा सुरू झाला. दुसऱ्याच रिळाला ती बांधावरून आली. नवरा सरकला. आबा सरकले नाहीत. त्यांनी नुसतं बघितलं, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं तसं, पुढं सावकाश भेटायचंय अशा बेतानं. मग ती आजारी पडली. कापड ओढलं. तो एकटा मिठागरात उभा राहिला. काळा पडदा, मोठी अक्षरं. मशीन थांबलं.

लोक खिडक्यांवरचं गोणपाट काढायला लागले. ऊन आत आलं. चादर नुसती चादर झाली. आबा तसेच बसलेले.

"नामदेव," ते म्हणाले, "आजून एक रीळ हाय ना?"

नामदेव म्हणाला, "संपला काका."

"नाय रं. ती येते परत."

सुधाकरनं माझ्याकडं बघितलं आणि त्याला तेव्हा कळलं असावं, कारण त्याच्या हातातली वालाची वाटी त्यानं खाली ठेवली. नामदेव आबांपाशी येऊन उकिडवा बसला. म्हणाला, "काका, तेवढं रीळ परत लावतो. पुन्हा झाकू खिडक्या. त्यात काय." आणि तो खरंच उठला. सुधाकर स्वतः गोणपाट उचलायला लागला.

आबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"नको रं बाबा. आता ते आधीचं आसंल." मग पोत्यावर हात टेकून उठले. "आधीचं माज्याकडं बी हाय."

त्या दिवशी मतदान झालं नाही. पायल्या भिंतीशी रिकाम्या राहिल्या. आबांनी सगळे बाहेर पडल्यावर कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि आम्ही घरी आलो. दाराबाहेर त्यांनी सदरा काढला, झटकला, घातला. मग ओटीवर गेले आणि बाकड्याच्या मधोमध बसले.

त्यानंतर आईचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. ते नाव त्यांना गिळूनही टाकता येत नसेल, पण बोलले नाहीत. मंडळ आणखी दोन-एक हंगाम चाललं. मग लोकांच्या घरात टीव्ही आले, सुधाकरची बदली झाली, नामदेवनं मशीन विकून टेंपो घेतला. आबांनी गोदामाच्या किल्ल्या सांभाळल्या, पण सिनेमा चालू असताना ते बाहेर चिंचेखाली बसायचे. पुन्हा कधी खिशात वाल सापडला नाही. कुंपणावरचे वेल एका उन्हाळ्यात वाळले. आबा गेले तेव्हा पायगतीशी मी होते. ते कुणासाठी सरकले का, हे मी बघत होते. नाही सरकले.

साखरपुडा छान झाला म्हणे. मला नीट आठवत नाही. जेवणात बिरडं होतं, त्यात खोबरं जास्त आणि वालाचा लगदा झालेला. मी भिंतीकडं बघत होते. चादर टांगायचो ती भिंत कुठली असेल, काही अंदाज लागेना. सगळीकडं सारखाच रंग. भाचा विचारत होता, आत्या, गप्प का? मी म्हटलं, काही नाही रे, तुमच्या गार हवेच्या यंत्रानं गारठले.

जेवून एका लांब सोफ्यावर टेकले. नवऱ्या मुलाकडची कुणी बाई आली, माझ्याच वयाची, हातात पानाचा विडा. माझ्या शेजारच्या जागेकडं बोट दाखवून म्हणाली, "इथं कुणी येणार आहे का हो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी अगदी कडेला बसले होते.

"नाही," मी म्हटलं. "बसा."

मग मी पर्स मांडीवर घेतली आणि तिला मोकळी जागा असूनही आणखी थोडी सरकले.